शून्याच्या शर्यतीत उदगीर

आमचं उदगीर एका जागतिक शर्यतीत धावतंय, हे फार थोड्या उदगीरकरांना ठाऊक आहे. धावणाऱ्यालाच पत्ता नाही अशी दुसरी शर्यत मी तरी पाहिलेली नाही. तिचं नाव 'रेस टू झीरो', म्हणजे शून्याकडे धावायचं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागानं ती ५ जून २०२० ला सुरू केली. हवेत जेवढा कर्बवायू सोडायचा तेवढा झाडांनी, जमिनीनं परत शोषून घेतला पाहिजे. जमाखर्चाच्या खाली शून्य आलं की तुम्ही पोहोचलात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं राज्यातली त्रेचाळीस शहरं या शर्यतीत उतरवली. त्या यादीत मुंबई आहे, पुणे आहे, ठाणे-नाशिक-नागपूर आहेत, आणि इंग्रजी वर्णक्रमानं पार शेवटाकडे, पण आहे खरं, उदगीर.

तसं शून्याचं आम्हाला अप्रूप नाही. उन्हाळ्यात पेपरात मराठवाड्यातल्या धरणांचा तक्ता येतो, त्यात 'उपयुक्त साठा' या रकान्याखाली शून्य वाचतच आमची पिढी म्हातारी झाली. फरक एवढाच, की त्या शून्याला जग घाबरतं आणि या शून्यासाठी जग धावतं.

उदगीर या मोठ्या मंडळींत शिरलं कसं, त्याची गोष्ट गमतीची आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'अमृत' योजना आली. एक लाखाच्या वर वस्तीची शहरं तिच्यात घ्यायची असं ठरलं. २०११ च्या जनगणनेत उदगीरनं लाखाची रेघ जेमतेम ओलांडली होती. त्या दशकात आणखी काही कुटुंबं पोरांच्या शिकवणीसाठी लातूरला राहायला गेली असती, तर आम्ही रेघेच्या अलीकडेच राहिलो असतो. पण गेली नाहीत आणि आम्ही अमृत शहर झालो. पुढं राज्याच्या पर्यावरण खात्यानं २ ऑक्टोबर २०२० ला 'माझी वसुंधरा अभियान' सुरू केलं आणि गावागावांत स्पर्धा लावली. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्था उतरल्या : ४३ अमृत शहरं, २२६ नगरपरिषदा, १२६ नगरपंचायती आणि २९१ ग्रामपंचायती. पैलवानांचे जसे वजनगट असतात तसे हे गट. आणि आमच्या नगरपालिकेचं वजन अमृत गटात भरलं. समोर कोण, तर बृहन्मुंबई महानगरपालिका.

५ जून २०२१ ला निकाल लागला. अमृत गटात ठाणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. यात आम्हाला वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. वाईट वाटलं ते पुढच्या ओळीनं. नगरपरिषदांच्या गटात पहिलं आलं हिंगोली. हिंगोली ही माझ्या थोरल्या मुलाची सासुरवाडी. त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. अत्यंत नम्र माणूस. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग पावसाची, मग म्हणाले, "आमच्याकडं थोडं यश आलंय, आपल्या आशीर्वादानं." मी म्हटलं, "अभिनंदन. आमची लढत मुंबईशी होती." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. व्याह्यांशी बोलताना एवढं समाधान मला लग्नाच्या बैठकीतही मिळालं नव्हतं.

या अभियानाचा पाया पंचमहाभूतांवर आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. भूमीत झाडं आणि कचरा, वायूत हवेची स्वच्छता, जलात पाणी अडवणं आणि वाचवणं, अग्नीत वीज आणि सौरऊर्जा. राहिलं आकाश. तिथं जनजागृती ठेवली आहे : शपथा, भिंतीचित्रं, प्रभात फेऱ्या. हे कुणा अधिकाऱ्यानं मुद्दाम केलं की आपोआप झालं कोण जाणे, पण शास्त्राला धरून झालं. आपल्या दर्शनकारांनी पृथ्वीला गंध दिला, पाण्याला रस दिला, अग्नीला रूप, वायूला स्पर्श आणि आकाशाला दिला शब्द. जनजागृती म्हणजे शब्दच. आणि शब्दांच्या बाबतीत मराठवाडा कधी मागास नव्हता. गुण द्यायचेच झाले तर आकाश तत्त्वात आम्ही मुंबईला सहज मागं टाकू. पालिकांच्या भिंतींवर रंगवलेली झाडं ही मला तर मोठी सोयीची कल्पना वाटते. त्यांना आळं करावं लागत नाही, शेळी तोंड लावत नाही आणि ऐन मे महिन्यात त्यांची पालवी हिरवीगार असते.

शब्दावरून आठवलं. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी भरलं. भारत सासणे अध्यक्ष होते. उदगीरचा एप्रिल म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्या तीन दिवसांत कळलं. आता या संमेलनाचा कार्बनचा हिशेब मांडायचा ठरला, तर गाड्यांचं डिझेल येईल, मंडपातले कूलर येतील, जेवणावळींचा गॅस येईल. भाषणं मात्र येणार नाहीत. माणसाच्या श्वासातून जो कर्बवायू बाहेर पडतो तो या हिशेबात धरतच नाहीत, कारण तो शेवटी खाल्लेल्या भाकरीतूनच आलेला असतो आणि भाकरी झालेली ज्वारी तो हवेतूनच घेऊन वाढलेली असते. जमीनभर फिरून पुन्हा तिथंच. मराठी साहित्यव्यवहाराला याहून मोठा दिलासा विज्ञानानं आजवर दिलेला नाही.

नगरपालिकेत माझा एक जुना विद्यार्थी आहे. गणितात बरा होता, म्हणून असल्या कामांच्या फायली फिरत फिरत त्याच्याकडे येतात. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो अजून नोकरीत आहे. चौबाऱ्याजवळ चहाच्या टपरीवर भेटला की मी त्याला विचारतो, "काय रे, शून्य कुठवर आलं?" तो म्हणतो, "सर, शून्याचं जाऊ द्या. आधी आधारवर्ष ठरवावं लागतंय."

आधारवर्ष ही या शास्त्रातली मोठी नामी चीज आहे. अमुक सालाच्या तुलनेत एवढे टक्के कपात, अशी सगळी आश्वासनं असतात. म्हणजे ते अमुक साल जेवढं धुरकट, तेवढी तुमची आजची कामगिरी उजळ. मी त्याला सुचवलं, "आपण १७६० घेऊ." त्या वर्षाच्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. "त्या तोफांचा धूर, दोन्हीकडच्या घोड्यांची लीद, हत्तींचे ढेकर, हजारो चुली. तेवढं आधारवर्ष धरलंस तर आपण केव्हाच शून्याच्या खाली आहोत." तो गंभीरपणे म्हणाला, "सर, नोंदी लागतात. बिलं लागतात." पेशवे दफ्तरात बारूद-खर्चाच्या नोंदी सापडतील की, असं मी म्हणणार होतो. पण त्याचा चहा संपला होता आणि लिपिकाच्या चहाला वेळेची मर्यादा असते, निदान मी समोर असताना तो पाळतो.

त्याला दुसरीही एक कल्पना दिली, तीही त्याला हसवू शकली नाही, आणि खरं तर मलाही नाही. उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प होता. देवणी गायींचा हा मुलूख. देवणी आता वेगळा तालुका आहे, पण होता आमच्याच तालुक्यात. दुधाची पावडर करायची म्हणजे वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला जळण. तो प्रकल्प बंद पडून वर्षं लोटली. सुरू करा म्हणून मागण्या झाल्या, आंदोलनं झाली. कागदावर पाहाल तर त्या आवाराचं उत्सर्जन आज शून्य आहे. धूर नाही, वीज नाही, दुधाच्या गाड्यांचं डिझेल नाही. उत्सर्जन-कपातीचा इतका यशस्वी प्रकल्प शोधून सापडणार नाही. हिशेबाच्या रकान्याला हे कळत नाही की एखाद्या ठिकाणी शून्य मिळवलंय की शून्य उरलंय. म्हणून गावागावांच्या गुणपत्रिका वाचताना मी जरा जपून वाचतो.

आणि कपात म्हटलं की आधी कापायला काहीतरी लागतं. अमेरिकेत एका माणसामागं वर्षाला चौदा-पंधरा टन कर्बवायू निघतो, जगाची सरासरी पाच टनांच्या जरा आत, भारताची दोन टनांच्या आसपास. त्यातही दिल्ली-मुंबईच्या मानानं आमच्या नळेगाव रोडवरच्या माणसाचं किती असेल, त्याचा अंदाज त्याच्या अंगणावरून करावा. जुनी साडी गोधडीत जाते, गोधडी पायपुसण्यात, पायपुसणं स्कूटर पुसायला. रद्दी भंगारवाल्याकडे आणि भाजीची देठं शेळीच्या तोंडात. घंटागाडी गाणं वाजवत दारात येते तेव्हा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला काही उरलं तर ना. याचे गुण कुणाला? कुणालाच नाही. जो धूर निघालाच नाही त्याचा फोटो काढता येत नाही, आणि फोटोशिवाय गुण नाहीत.

पण यात आमचं मोठेपण काही नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर लगेच 'आमचे पूर्वज किती पर्यावरणवादी होते' अशी भाषणं सुरू होतात. पूर्वज पर्यावरणवादी नव्हते, त्यांच्याजवळ पैसे नव्हते. हातात पैसा आल्यावर आम्ही तेच करतो जे कुणीही करील. देगलूर रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसमोर मार्चपासून एसीचे खोके रचलेले असतात आणि पारा बेचाळीसच्या वर गेला की ते खोके कमी होत जातात. मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. बेचाळीस अंशांत ज्याला झोप लागते त्यानं ठेवावीत.

अग्नी तत्त्वात आमची सगळ्यांत जास्त प्रगती रस्त्यावरच्या दिव्यांत झाली, आणि ती देशभरच झाली. जानेवारी २०१५ मध्ये रस्त्यांवर एलईडी बसवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पूर्वी खांबावर अडीचशे वॅटचा सोडियमचा दिवा असायचा. त्याच्या पिवळ्या उजेडात वांगी, मिरच्या आणि शेजाऱ्याचा नवा शर्ट सगळं एकाच रंगाचं दिसे. आता त्याच्या निम्म्याहून कमी विजेत पांढरा उजेड पडतो आणि बाजारात कुजकी वांगी खपवणं अवघड झालं आहे. पण यातही एक मेख आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ सालीच लिहून ठेवलं होतं, की कोळसा काटकसरीनं जाळणारं यंत्र आलं की देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो. कारण स्वस्त झाल्यावर माणूस तो आणखी दहा कामांना लावतो. जेव्हन्स मराठवाड्यात आला नव्हता. आला असता तर लग्नसराईत एलईडीच्या माळांनी गुंडाळलेला मांडव, गेट, आंब्याचं झाड आणि पाण्याची टाकी पाहून त्याला दुसरा पुरावा लागला नसता.

सूर्यावरून मात्र आमच्या घरातच भांडण झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची छतावरच्या सौरऊर्जेची 'पीएम सूर्यघर' योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॅटला आपल्याकडच्या उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते आणि छताची शंभरेक चौरस फूट जागा जाते. हिशेब चांगला होता. एजन्सीचा पोरगा आला, गच्चीवर टेप लावून मोजमाप करू लागला. वर आमच्या वहिनी कुरडया घालत होत्या. वहिनी वयानं पंचाहत्तरच्या पुढं, पण उन्हाळ्यात गच्ची त्यांची. तिथं जायला दादासुद्धा विचारून जात.

पोरगा उत्साहानं म्हणाला, "काकू, एवढं ऊन हाय तुमच्या छतावर, सगळं वाया चाललंय बघा."

वहिनींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. "वाया? मग ह्या कुरडया काय चांदण्यात वाळूलाल्यात का?"

पोरानं समजूत घातली. पॅनल आठ फूट उंच सांगाड्यावर बसवता येतात, खाली जागा मोकळी राहते. वहिनी म्हणाल्या, "मोकळी ऱ्हाती, पण सावलीत ऱ्हाती. सावली मला खालीबी हाय." मग त्यांनी त्याला पापड, सांडगे, कुरडया, वर्षाची हळद, मिरची, गव्हाचा चीक, आणि बाळंतिणीची लंगोटं असा गेल्या पन्नास वर्षांचा छताचा ताळेबंद तोंडी सांगितला. मी मधे पडून म्हटलं, "वहिनी, विजेचं बिल शून्य येईल." त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारलं, "आन् कुरडया बाजारातून आणल्यावर त्याचं बिल?" शेवटी तह झाला. दक्षिणेची बाजू पॅनलला, उत्तरेची वाळवणाला. उन्हाची अशी वाटणी झालेलं आमच्या गल्लीतलं हे पहिलंच घर. तो पोरगा जाताना दोन ओल्या चिकवड्या खाऊन गेला आणि सौरऊर्जेबद्दल त्याचं ज्ञान बरंच वाढलं असावं.

विद्यार्थ्याला ही हकीगत सांगितली तेव्हा तो हसला, आणि मग त्यानं मला हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. "सर, दिवे, झाडं, शपथा सगळं ठीक आहे. पण कुठल्याही नगरपालिकेचं विजेचं बिल काढून बघा. सगळ्यांत मोठा आकडा पाण्याच्या पंपाचा असतो."

हे ऐकून मी जागीच बसलो, कारण यात उदगीरची सगळी भूगोल-कहाणी आहे. उदगीर बालाघाटच्या पठारावर बसलेलं गाव. राजानं किल्ल्यासाठी निवडावं असं उंचावर, आणि पाण्यानं टाळावं असंही. गावाजवळ मोठी नदी नाही. अमृत योजनेत आमचं नाव लागल्याचा खरा फायदा झाला तो इथं : नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीवर लिंबोटीचं धरण आहे, तिथलं पाणी पाइपानं उदगीरला आणायचं झालं. ते पाणी चालत येत नाही. त्याला खालून वर ढकलत आणावं लागतं. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचं तर पंपाची घट धरून साधारण पॉइंट चार युनिट वीज जाते. त्या विजेत नऊ वॅटचा एलईडी बल्ब जवळजवळ दोन दिवस-रात्र जळेल. आणि एका युनिटमागं आपल्याकडे पाऊण किलोच्या आसपास कर्बवायू हवेत जातो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची.

कोळशाची वीज म्हटल्यावर मराठवाड्याच्या माणसाला परळी आठवते. परळीचं औष्णिक केंद्र आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं. कोळसा जाळून वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागतं. २०१५ च्या दुष्काळात खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि परळीचे संच बंद ठेवावे लागले. म्हणजे पाणी वर चढवायला वीज पाहिजे, वीज करायला पाणी पाहिजे, आणि दोन्ही नसलं की माणसानं घागर घेऊन उभं राहायचं. त्याच्या पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली 'जलदूत' निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते. डिझेल इंजिनानं कृष्णेचं पाणी मांजरेकाठी आणून पोहोचवलं. त्या पाण्याच्या एका तांब्यामागं किती कर्बवायू गेला, हे त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याला त्याच वाघिणीत बुडवला असता. आणि ते बरोबरच झालं असतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे, आणि विद्यार्थ्यानं ते टिपून घेतलं नाही तरी चालेल, की मुंबईनं शून्याकडे जाताना लोकल, इमारती, एसी असं काय पाहायचं ते पाहावं. मुंबईनं मार्च २०२२ मध्ये तसा मोठा वातावरण कृती आराखडा केलाही, २०५० पर्यंत शून्य गाठायचं म्हणून. देशानं ग्लासगोच्या परिषदेत २०७० चं वचन दिलं. ("सर, २०७० ला मी नसणार," विद्यार्थी म्हणाला, "पण फाईल असेल.") उदगीरसारख्या गावात मात्र अग्नी आणि जल ही दोन वेगळी तत्त्वं नाहीतच. इथं सांडलेलं पाणी म्हणजे जळलेला कोळसा. आणि पाणी सांडतं कुठं, तर नळाला तोटी नसते तिथं.

हे परगावच्या माणसाला सांगून पटत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत नळ असतो, पण त्याला तोटी नसते. नुसता पाइप भिंतीतून बाहेर डोकावतो. यामागं तर्क आहे. पाणी रोज येत नाही. आलं की जेवढं मिळेल तेवढं भरून घ्यायचं : हौद, पिंप, बादल्या, घागरी, प्रसंगी कढया. अशा वेळी तोटी फिरवून पाणी बंद करायचं, ही कल्पनाच माणसाला असभ्य वाटते. आलेल्या पाहुण्याला 'आता पुरे' म्हणणं जसं. सगळं भरून झालं की उरलेलं पाणी अंगण धुतं, मग गाडी धुतं, मग रस्ता धुतं आणि शेवटी नालीत जाऊन नालीसुद्धा धुतं. लिंबोटीहून पठारावर चढून आलेलं पाणी आमच्या नालीत मोठ्या समाधानानं वाहताना मी पाहिलं आहे. आणि ज्यांच्या नळाला धार बारीक येते ते नळालाच विजेची मोटार लावतात. मग शेजाऱ्याची धार आणखी बारीक होते, म्हणून तोही मोटार घेतो. थोड्या दिवसांत सगळ्या गल्लीकडे मोटारी होतात आणि धार पहिल्याइतकीच बारीक राहते. विजेची बिलं मात्र सगळ्यांची वाढलेली असतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला काहीतरी भारदस्त नाव असेल. आमच्याकडे याला 'पाणी आलंय' म्हणतात.

साध्या तोटीला किती पैसे पडतात? हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकची तोटी एका थाळीच्या पैशात मिळते. पण वसुंधरा अभियानात तोटीचा फोटो पाठवला तर तो कसा दिसेल, याची कल्पना करून पाहा. सौर पॅनलपुढं साहेबांचा फोटो शोभून दिसतो, रोपाला पाणी घालतानाही शोभतो. बंद तोटीपुढं उभं राहून फोटोत काय करायचं? हसायचं?

आमच्या घरी तोटी आहे. वहिनींनी बसवून घेतली. पृथ्वीसाठी नव्हे, अंगणात चिखल होतो म्हणून. आमच्या भागात पाणी सोडायला जो वॉलमन येतो, त्याच्या हातात लांब लोखंडी चावी असते आणि पहाटेच्या अंधारात त्याच्या सायकलचा आवाज ओळखून बायका उठतात. माझ्या मते उदगीरच्या कार्बन-हिशेबाचा खरा अधिकारी तोच. हे मी त्याला एकदा समजावून सांगायचं ठरवलं. तो ओट्यावर चहा घ्यायला थांबला होता.

"तोटी बसवलाव म्हणं सर तुम्ही," तो म्हणाला.

"हो. भरलं की बंद करतो."

त्यानं थोडा विचार केला. "असं सगळ्या गल्लीनं केलं की वरच्या टोकाला लवकर पाणी पोचतंय बघा. मग मला वॉल अर्धा तास आधी बंद करता येतंय."

"म्हणजे तेवढा पंप कमी चालतो," मी म्हटलं. "वीज वाचते. कोळसा वाचतो. हवेत जाणारा..."

"कोळसा ऱ्हाऊ द्या. माझी झोप वाचती. चारला उठावं लागतंय मला." त्यानं कप खाली ठेवला, चावी खांद्यावर घेतली. मग पायरीवरून मागं वळून आवाज खाली आणला. "शेजारच्या काकांनाबी सांगा तेवढं तोटीचं. पण मी म्हणलो म्हणून सांगू नका. त्यांनी परवाच दीड हॉर्सची नवी मोटार आणलीया, अन् पूजेला मलाच बोलवलेत."